गुलाबी कागद : एका वैद्यकीय आदेशाचा इतिहास



आपल्याकडे म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, की एक वाक्य हमखास कानी पडते : “मला आता कुठे नेऊ नका. घरीच राहू द्या.” ते ऐकून मुले गप्प बसतात. एखादा म्हणतो, “बाबा, असं अभद्र बोलू नका.” विषय तेथेच मिटतो. पुढे एके रात्री म्हाताऱ्याचा श्वास अडखळतो, धावपळ होते, गाडी येते, आणि जे नको म्हणून त्याने सांगितले होते, नेमके तेच सर्व त्याच्या वाट्याला येते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. मुलांची माया खरी असते, डॉक्टरांची निष्ठाही खरी असते. मग म्हाताऱ्याचा शब्द वाटेत हरवतो कुठे? आज ज्या कागदाचा इतिहास मी सांगणार आहे, तो याच प्रश्नातून जन्मला. जन्मला मात्र फार दूर, अमेरिकेतील ओरेगन या राज्यात.

पण आरंभ थोडा मागून केला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न नव्हताच, कारण मरण लांबविण्याचे साधनच वैद्याच्या हाती फारसे नव्हते. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रोगी दगावू लागले. तेव्हा बियोर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने रोग्याच्या गळ्यात नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग काढला. वैद्यकाचे शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस त्या पिशव्या दाबीत बसले आणि कित्येकांचे प्राण वाचले. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ हेच. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली. त्यानंतर १९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. थांबलेले हृदय छाती न फाडता, बाहेरून तळहातांनी दाब देऊन चालते ठेवता येते, असे कौवेनहोवेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

हे शोध थोर होते, यात शंका नाही. बुडालेले पोर, विजेचा धक्का बसलेला कामकरी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर अचानक हृदय थांबलेला तरुण यांच्यासाठी ते वरदानच ठरले. परंतु झाले असे, की हळूहळू तो उपाय प्रत्येकाला लागू होऊ लागला. कर्करोगाने जर्जर झालेल्या नव्वदीच्या वृद्धाचे हृदय थांबले, तरी छातीवर दाब द्यायचा, फासळ्या मोडल्या तरी द्यायचा, नळ्या घालायच्या, असा रिवाज पडला. ‘हे करा’ असे सांगावे लागेना. ‘हे करू नका’ असे सांगावे लागू लागले. इतिहासाला कलाटणी मिळाली ती इथे.

मग सांगायचे कसे? पहिला उपाय वकिलाने सुचविला. शिकागोचे लुई कुटनर यांनी १९६९ साली एका कायदेविषयक नियतकालिकात अशी कल्पना मांडली, की माणूस जसे मालमत्तेचे मृत्युपत्र करतो, तसे जिवंतपणी लागू होणारे, उपचारांविषयीचे इच्छापत्रही त्याला करता यावे. इंग्रजीत त्याला ‘लिव्हिंग विल’ असे नाव पडले. आरंभी लोकांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. लक्ष वेधले ते दोन तरुण मुलींच्या दुर्दैवाने.

पहिली कॅरन क्विनलन. न्यू जर्सी राज्यातील ही २१ वर्षांची मुलगी १९७५ साली बेशुद्ध झाली, ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. श्वास यंत्रावर चालू होता. आईवडील धर्मनिष्ठ कॅथलिक होते. त्यांनी जड अंतःकरणाने यंत्र काढण्याची विनंती केली आणि डॉक्टरांनी नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली निकाल आईवडिलांच्या बाजूने लागला. यंत्र काढले. नवल असे, की कॅरन स्वतःच्या श्वासावर पुढे नऊ वर्षे, १९८५ पर्यंत जगली. त्याच १९७६ साली कॅलिफोर्निया राज्याने अशा इच्छापत्राला मान्यता देणारा पहिला कायदा केला.

दुसरी नॅन्सी क्रूझन. मिसुरी राज्यात १९८३ साली मोटार अपघात झाला आणि ती कायमची बेशुद्ध झाली. नळीवाटे अन्न जात होते. तिने काही लिहून ठेवले नव्हते, नुसते बोलण्याच्या ओघात मैत्रिणीला सांगितले होते. १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपचार नाकारण्याचा हक्क माणसाला आहे, पण त्याची इच्छा काय होती याचा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा मागण्याचा अधिकार राज्यालाही आहे. अखेर नवे साक्षीदार पुढे आले, नळी काढली गेली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात नॅन्सी वारली. त्याच साली अमेरिकेने कायदा केला, की रुग्णालयाने प्रत्येक दाखल रोग्याला इच्छापत्राच्या हक्काची माहिती दिलीच पाहिजे.

तुम्ही म्हणाल, झाले तर! कायदा झाला, कागद झाला, प्रश्न मिटला. पण तसे घडले नाही. का घडले नाही, ते आपल्या शेतकरी श्रोत्यांना चटकन समजेल. समजा, जमिनीचे खरेदीखत झाले आणि ते पेटीत ठेवून दिले, पण तलाठ्याकडे फेरफार झाला नाही, सातबाऱ्यावर नाव चढले नाही. मग व्यवहारात तुम्हाला विचारतो कोण? इच्छापत्राचे असेच झाले. ते कपाटात असायचे, नाहीतर वकिलाकडे. भाषा मोघम : ‘आशा नसल्यास कृत्रिम उपाय नकोत.’ आशा नाही हे ठरवायचे कोणी? आणि मध्यरात्री रुग्णवाहिका घेऊन आलेल्या माणसाने वकिली भाषा वाचीत बसायचे काय? त्याला नियम एकच ठाऊक : डॉक्टरांचा उलट आदेश नसेल, तर प्राण वाचविण्याचे सर्व प्रयत्न करायचे. १९९५ साली अमेरिकेतील पाच मोठ्या रुग्णालयांत नऊ हजारांहून अधिक गंभीर रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की ज्या रोग्यांना छातीवर दाब देणे वगैरे नको होते, त्यांची ती इच्छा निम्म्याहून कमी डॉक्टरांना माहीत होती.

ओरेगनमधल्या मंडळींना ही अडचण आधीच जाणवली होती. १९९१ साली तेथील आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या नीतिशास्त्र केंद्राच्या पुढाकाराने डॉक्टर, परिचारिका, वृद्धनिवासांचे चालक, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी असे सर्व एकत्र बसले. डॉ. सुसान टोल आणि डॉ. पॅट्रिक डन ही त्यांतली ठळक नावे. त्यांचा विचार साधा होता. रोग्याची इच्छा नुसती इच्छा म्हणून राहू नये, तिचे डॉक्टरांच्या सहीच्या आदेशात रूपांतर व्हावे. औषधाची चिठ्ठी जशी कंपाउंडर पाळतो, तसा हा आदेश सर्वांनी पाळावा. १९९५ पासून हा कागद राज्यभर वापरात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पोल्स्ट’ म्हणतात.

हा कागद असतो भडक गुलाबी, ढिगाऱ्यातही डोळ्यांत भरावा असा. त्यावर मोजके प्रश्न. हृदय आणि श्वास थांबल्यास ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करावा की नाही? ते चालू असताना उपचार कितपत करावेत : सर्व उपाय, मर्यादित उपाय, की केवळ आरामासाठी? नळीवाटे अन्न द्यावे का, असाही प्रश्न पूर्वी त्यावर असे. रोगी डॉक्टरांशी बोलतो, खुणा होतात, सही होते. घरी असताना हा कागद बिछान्याजवळ किंवा फ्रिजच्या दारावर लावून ठेवतात. रोगी इस्पितळात गेला की कागद बरोबर जातो, परत आला की परत येतो. मन बदलले तर कागद केव्हाही रद्द करता येतो. पुढे २००९ साली ओरेगनने राज्याची नोंदवहीही उघडली. कागद सापडला नाही, तरी रुग्णवाहिकेवरचा माणूस फोन करून आदेश विचारू शकतो. सातबाऱ्यावर नोंद चढली म्हणा ना!

याचा उपयोग झाला काय? १९९८ साली वृद्धनिवासांतल्या १८० जणांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छातीवर दाब नको असा आदेश ज्यांचा होता, त्यांतल्या एकावरही तो उपाय लादला गेला नव्हता. २०१४ च्या अभ्यासात २०१० आणि २०११ या दोन वर्षांतले ओरेगनमधले सुमारे ५८ हजार मृत्यू तपासले. ‘केवळ आराम’ अशी खूण करणाऱ्यांपैकी रुग्णालयात मृत्यू आला तो सुमारे ६ टक्क्यांना. ‘सर्व उपाय करा’ म्हणणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना. आणि ज्यांची अशी नोंदच नव्हती, त्यांपैकी ३४ टक्क्यांना. हे आकडे नीट पाहा. हा कागद नुसता नकाराचा नव्हे. ‘माझ्यासाठी शेवटपर्यंत झगडा’ असेही त्यावर सांगता येते, आणि तेही पाळले जाते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. ओरेगनमध्ये मरणाचे औषध मागण्याचा एक वेगळा कायदाही आहे. तो १९९४ साली लोकमताने संमत झाला आणि १९९७ पासून अमलात आला. त्याचा आणि गुलाबी कागदाचा संबंध नाही. हा कागद मरण आणीत नाही. येणाऱ्या मरणाच्या वाटेत काय करावे आणि काय करू नये, एवढेच सांगतो. दुसरे, ‘केवळ आराम’ म्हणजे रोग्याला टाकून देणे नव्हे. वेदना शमविणे, धाप कमी करणे, तोंड ओले ठेवणे ही सेवा प्रत्येकाला मिळायचीच असते.

टीकाही झाली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. हा कागद धडधाकट माणसासाठी नाही. ज्याचा अंत वर्षभरात झाला तर डॉक्टरांना नवल वाटणार नाही, अशा रोग्यासाठी आहे. पण काही ठिकाणी वृद्धनिवासात पाऊल ठेवताच सरसकट सर्वांपुढे तो ठेवला जाऊ लागला. संभाषण झालेच नाही आणि खुणा मात्र झाल्या, तर कागदाचा प्राणच गेला. गरिबाला उपचार नाकारण्याचे ते निमित्त होईल, ही भीतीही खोटी नाही. म्हणून कागद ऐच्छिकच असला पाहिजे, असा त्याच्या कर्त्यांचा आग्रह राहिला.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली भयंकर अत्याचार झाला आणि त्या भान हरपून पडल्या. ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पोटच्या पोरीसारखी त्यांची सेवा केली. उपचार थांबविण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नाकारली. मात्र ठरावीक परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार काढून घेता येतील असे सांगितले. २०१५ साली अरुणाताई वारल्या. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हे कोणालाच कधी कळले नाही. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि इच्छापत्राला मान्यता दिली. आरंभीची पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन केले की पुरते. प्रत सांभाळण्यास स्थानिक संस्थेने अधिकारी नेमायचा आहे. रोग्याला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तेव्हाच ते पत्र लागू होते, आणि तेव्हाही डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. सुई टोचून प्राण घेणे मात्र आपल्याकडे गुन्हाच आहे. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात असे पहिले इच्छापत्र नोंदविले.

डॉक्टरी आदेशाची बाजूही आपल्याकडे सुरू झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली, हृदय थांबल्यास ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केव्हा करू नये, याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. तो आदेश लेखी असावा, रोग्याशी किंवा घरच्यांशी बोलून असावा, आणि त्यामुळे बाकीचे उपचार थांबू नयेत, असे त्यात सांगितले आहे. परंतु इच्छापत्र पेटीत आणि आदेश इस्पितळाच्या फायलीत, अशी ताटातूट राहिली, तर ओरेगनला १९९१ पूर्वी आलेलाच अनुभव आपल्याला येईल. गावात १०८ ची गाडी येते, तेव्हा त्या माणसाच्या हाती काय असणार, हा खरा प्रश्न आहे.

आणि कागदाच्याही आधी बोलणे आले. मुलगा जमीन गहाण टाकून वडिलांना शहराच्या इस्पितळात नेतो, त्यात पुष्कळदा आशेपेक्षा ‘लोक काय म्हणतील’ याचा धाक मोठा असतो. वडिलांनी चार माणसांदेखत आपले मन सांगितलेले असेल, तर तो भार मुलाच्या खांद्यावरून उतरतो. “सगळे उपाय करा” असे वडील म्हणाले, तर तेही तितक्याच आदराने ऐकले पाहिजे. शिक्षकांनी पालकसभेत किंवा वाचनालयाच्या ओट्यावर हा विषय काढला, तर त्यात अभद्र काही नाही. पेरणी केव्हा, लग्न केव्हा, वाटणी कशी, हे सारे आपण घरात बसून ठरवतो. ज्याचे मरण, त्याचा शब्द अखेरीस कोणी पाळायचा, हेही तसेच, तो शब्द बोलण्याची ताकद त्याच्यात आहे तोवर, ठरवून ठेवावे.