जबलपूरच्या कचेरीतला ठग

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला वाचताना ‘थग’ हा शब्द लागला, की तो कोश उघडतो. तिथे त्याला ‘बाओतू’ सापडतो, म्हणजे हिंसा करणारा माणूस. किंवा ‘अगुन’, म्हणजे गुंड, शब्दशः ‘दुष्ट दांडका’. एवढे पाठ करून तो पुढे जातो आणि सहसा चुकत नाही. मराठी विद्यार्थी मात्र कोश उघडतच नाही. शब्द घरचाच, बघायचे काय? खोटे सोने गळ्यात मारून पसार झालेल्या माणसाला तो बिनदिक्कत इंग्रजीत ‘थग’ म्हणतो. वाचणाऱ्या इंग्रजापुढे उभा राहतो तो दंड फुगवून हाणामारी करणारा आडदांड इसम. भामटा बिचारा गोड बोलून, चहा पिऊन गेलेला असतो; त्याने कोणावर हातही उगारलेला नसतो.

आपल्याच शब्दाने आपल्याला असे ठकवावे, याला कारण आहे. हा शब्द इंग्रजीत रुजला तो बाजारातल्या बोलण्यातून नव्हे, तर सरकारी दप्तरातून. आणि ते दप्तर जबलपूरचे होते.

मूळ पाहू गेल्यास संस्कृत ‘स्थग्’ या धातूपर्यंत जावे लागते. अर्थ झाकणे, लपवणे. आपली सभा ‘स्थगित’ होते तीही याच धातूमुळे. त्यावरून ‘स्थग’ म्हणजे लबाड, आतून एक नि बाहेरून एक. प्राकृतातून उतरताना त्याचे ठग आणि ठक झाले. मराठीने ‘ठक’ अधिक आपलासा केला: ठकवणे, ठकबाजी, ठकसेन, ठकास महाठक. इंग्रजी व्युत्पत्तीकोशांत ‘थग’च्या नोंदीत हिंदीबरोबर मराठीचेही नाव येते ते यामुळे. अभ्यासक आणखी मागे जाऊन हा धातू ‘झाकणे’ या अर्थाच्या एका प्राचीन मुळाशी जोडतात. त्याच मुळाची लॅटिन शाखा म्हणजे टोगा, टाइल, प्रोटेक्ट आणि डिटेक्ट. डिटेक्ट म्हणजे झाकण काढणे. तेव्हा ठग आणि डिटेक्टिव्ह हे दूरचे चुलतभाऊ ठरतात. हे नाते पुढे कामाला येणार आहे.

जुन्या ग्रंथांत ठग तुरळक भेटतात. झियाउद्दीन बरनीने लिहिले आहे, की जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटी, दिल्लीत हजारभर ठग पकडले गेले आणि सुलतानाने त्यांना मारण्याऐवजी होड्यांत घालून लखनौतीकडे, बंगालात, पाठवून दिले. सतराव्या शतकात थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने दिल्ली–आग्रा रस्त्यावर फास टाकून प्रवाशांना मारणाऱ्यांचे वर्णन केले आहे. कंपनीच्या फौजेत 1810 साली रजेवर घरी जाणाऱ्या शिपायांना सावध करणारा हुकूम निघाला, त्यात हा शब्द आहे. शिपाई पगार कमरेला बांधून पायी निघत. त्यांच्याइतके सोयीचे सावज दुसरे नव्हते. दक्षिणेत मात्र याच धंद्याच्या लोकांना ‘फांसीगर’ म्हणत. मद्रासकडच्या डॉ. रिचर्ड शेरवूड याने त्यांच्यावर लिहिलेला लेखही याच नावाने छापला गेला. खरे तर फांसीगर हे जास्त नेमके नाव, कारण त्यात कृती आहे. तरी इंग्रजीत टिकला तो ठग.

याचे श्रेय विल्यम हेन्री स्लीमनला. कॉर्नवॉलमधल्या स्ट्रॅटन गावी 1788 साली जन्मलेला हा माणूस 1809 मध्ये बंगालच्या फौजेत आला, नेपाळच्या युद्धात लढला आणि मग मुलकी कारभारात शिरला. जबलपूर 1817 च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले होते. सागर–नर्मदा मुलखाची घडी नव्याने बसत होती. नागपूर, सिवनी, लखनादौन, जबलपूर आणि तिथून मिर्झापूर ही दख्खनच्या माणसाची काशी-प्रयागाची वाट. यात्रेकरू, सावकारांचे हुंडेकरी, रजेवरचे शिपाई सगळे याच वाटेने जात.

स्लीमन 1822 ते 1824 नरसिंहपूरला जिल्ह्याचा अधिकारी होता. आपल्या जिल्ह्यात कुठे काय चालते हे आपल्याला ठाऊक आहे, असा त्याला विश्वास होता. पुढे कबुलीजबाब येऊ लागले तेव्हा कळले, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती, आणि एका मजलेवरच्या आमराईत प्रेते पुरण्याची मोठी जागा होती. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. साहेब हुशार खरा. पण शेजारी ओळखता आला नव्हता.

पुढे 1830 च्या अखेरीस फिरंगिया नावाचा नामांकित ठग हाती लागला आणि माफीचा साक्षीदार झाला. त्याच्यासारख्यांच्या जबान्यांवर सगळी मोहीम उभी राहिली. 1835 मध्ये स्लीमन ठगी बंदोबस्ताचा मुख्य अधिकारी झाला आणि जबलपुरात मुख्य कचेरी बसली. 1831 ते 1837 या काळात तीन हजारांहून अधिक माणसे धरली गेली. फाशी, काळे पाणी, जन्मठेप. उरलेल्यांसाठी आणि साक्षीदारांच्या कुटुंबांसाठी जबलपुरातच 1837 च्या सुमारास कारखाना निघाला, तिथे तंबू आणि गालिचे होऊ लागले. (याच स्लीमनला 1828 मध्ये जबलपूरच्या बारा सिमला टेकडीजवळ काही अवजड हाडे सापडली होती; ती डायनोसॉरची निघाली. माणूस उकरण्यात वाकबगार होता.)

या मोहिमेतून एक कोश निघाला, ही आपल्या कथेची गंमत. ‘रमासीआना’ हे पुस्तक कलकत्त्यात 1836 साली छापले गेले. रमासी म्हणजे ठगांची आपसातली बोली. स्लीमनने जबान्या घेताघेता तिचे शब्द जमवले, अर्थ लिहिले, वापर दाखवला. शब्द असे: ‘बनिज’ म्हणजे प्रवासी. मूळ अर्थ व्यापाराचा माल. ज्याला मारायचे तो माल. ‘सोथा’ म्हणजे गोड बोलून प्रवाशाला टोळीच्या सोबतीला आणणारा. ‘भुर्तोट’ म्हणजे रुमालाने गळा आवळणारा. ‘लुघा’ खड्डा खणणारा. ‘झिरनी’ म्हणजे इशारा. तो बहुधा तंबाखू काढा, अशा अर्थाच्या एखाद्या साध्या वाक्यात असे. ठग नसलेला प्रत्येक माणूस ‘बीटू’, आणि आपल्यातला तो ‘औले’. कामानंतर गूळ खाण्याचा विधी ‘तुपोनी’.

एवढ्या यादीवरून एक गोष्ट लक्षात येते. सर्वांत अवघड काम सोथाचे. गळा आवळायला काही क्षण लागत. पण परक्या वाटसरूशी दिवसेंदिवस एका पंगतीला बसून त्याचा विश्वास कमवावा लागे. ठगीचा जीव फसवणुकीत होता, म्हणून त्या लोकांना ठग म्हणत. खून हा त्या फसवणुकीचा शेवट.

आजचे इतिहासकार स्लीमनचे सगळेच मान्य करत नाहीत. किम वॅगनर याच्या 2007 च्या पुस्तकासह बऱ्याच लेखनात हा मुद्दा येतो, की साक्षीदारांना जीव वाचवायचा होता आणि विचारणाऱ्याला एक अखंड, पंथासारखी, भारतभर पसरलेली संघटना हवी होती. खून झाले, प्रेते निघाली, हे खोटे नाही. पण सांकेतिक बोली तर दलालांचीही असते, सराफांचीही; तिच्यावरून गुप्त धर्म सिद्ध होत नाही. यात वॅगनरची बाजू जास्त पटण्यासारखी आहे. शिवाय 1836 च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गुन्ह्याला जन्मठेप ठेवली आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र कायद्यात दिली नाही. शब्दाचा अर्थ जबलपूरची कचेरी सांगेल तो.

तिथून शब्द विलायतेला गेला तो झपाट्याने. फिलिप मेडोज टेलर निजामाच्या फौजेत होता. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 मध्ये लंडनला निघाली आणि अफाट खपली. (शिवकालावरची ‘तारा’ ही कादंबरी लिहिणारा टेलर तो हाच.) त्याच वर्षी टॉमस कार्लाइलने ‘चार्टिझम’मध्ये ग्लासगोच्या संपकरी गिरणी कामगारांच्या संदर्भात ठग हा शब्द वापरला. म्हणजे इंग्रजीत शब्द पुरता मुरायच्या आतच तो इंग्रजांच्या आपल्या माणसांना चिकटू लागला. त्या कामगारांवर खुनाचा आरोप होता, पण कोणाशी गोड बोलून विश्वासघात केल्याचा नव्हे. अर्थातली फसवणूक गळून पडली ती इथे. पुढे गळफासही गळाला आणि उरली नुसती दांडगाई.

उच्चारही बदलला. ठ लिहायला इंग्रजीत टी आणि एच; लंडनच्या वाचकाने ती जोडी ‘थिंक’मधल्यासारखी वाचली. ठगाचा थग झाला.

अमेरिकेत त्याला आणखी एक वळण लागले. मार्क ट्वेन 1896 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला आणि दुसऱ्या वर्षी निघालेल्या प्रवासवर्णनात त्याने स्लीमनच्या कागदांवरून ठगांवर पानेच्या पाने लिहिली. विसाव्या शतकात शब्द शहरातल्या गुंडांचा झाला, मग त्याला वर्णाचा रंग चढला. टुपाक शकूरने ‘थग लाइफ’ हे पोटावर गोंदवून घेतले आणि शिवी मिरवायची वस्तू केली. 2014 मध्ये फुटबॉलपटू रिचर्ड शर्मन याने उघड सांगितले, की काळ्या माणसाला शिवी देण्याचा हा आता सभ्य मानलेला मार्ग झाला आहे. 2015 च्या बाल्टिमोर दंगलीत शहराच्या महापौर स्टेफनी रॉलिंग्ज-ब्लेक यांनी दंगलखोरांना थग म्हटले आणि नंतर शब्द मागे घेतला. त्या स्वतः काळ्या.

आता तोच शब्द मोबाइलमधून मराठीत परतला आहे. कोणी भर सभेत बेधडक उत्तर दिले की त्या व्हिडिओवर ‘थग लाइफ’ लिहून काळा चष्मा चढवतात. म्हणजे मराठीत आज ठक, ठग आणि थग असे तीन आहेत. पहिला फसवतो, दुसरा इतिहासात गळा आवळतो, तिसरा रुबाब करतो. चिनी विद्यार्थ्याला यातले काही ओझे नाही. चिनीने आपल्याकडून इंग्रजीमार्गे गेलेल्या ‘कूली’ला मात्र घरचे रूप दिले: ‘खूली’, अक्षरांचा अर्थ कडू कष्टाचे बळ. ठगाच्या वाट्याला असे काही आले नाही.

स्लीमन 1856 मध्ये मायदेशी जाताना सिलोनजवळ बोटीवर वारला. कटनीजवळचे स्लीमनाबाद हे गाव त्याच्या नावाने आहे. त्याचे ठगी आणि दरोडे खाते 1904 मध्ये बंद झाले आणि त्या जागी केंद्रीय गुन्हे अन्वेषणाचे गुप्तचर खाते आले. चुलतभावाने घर ताब्यात घेतले म्हणायचे.

कायद्यात मात्र ठग आणखी शंभर वर्षांवर राहिला. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 310 मध्ये अखेर व्याख्या आली: खुनासह जबरी चोरी किंवा मुले पळवणे यासाठी इतरांशी नेहमी संगनमत ठेवणारा तो ठग. कलम 311 मध्ये जन्मठेप. फसवणूक करणाऱ्याचे कलम वेगळे, जगप्रसिद्ध 420. म्हणजे वर्तमानपत्रात ‘ठगाने लाखोंचा गंडा घातला’ असे छापून येई, तेव्हा कायद्याच्या भाषेत तो ठग नव्हताच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ठगाचे कलम ठेवलेले नाही. 310 हा आकडा आता दरोड्याचा आहे, फसवणूक 318 मध्ये गेली.

तेव्हा इंग्रजीत अर्ज, तक्रार किंवा बातमी लिहिणाऱ्या मराठी माणसाने गंडा घालणाऱ्याला स्विंडलर म्हणावे, कॉनमन म्हणावे, फ्रॉडस्टर म्हणावे. थग हा हाणामारी करणाऱ्यासाठी ठेवावा; आणि अमेरिकेत असाल तर काळ्या माणसाबद्दल बोलताना तोही तोंडात आणू नये.