अधिकार उसना, जबाबदारी आपली

इ. स. १७३८ च्या जानेवारीत भोपाळजवळील दोराहा येथे निजामाने माळवा सोडण्याचे कबूल केले. विजय बाजीरावांचा, परंतु त्यांच्या मुद्रेवर नाव प्रथम शाहूमहाराजांचे, मग स्वतःचे. सत्ता धन्याची, जबाबदारी सेवकाची.

संगणकास हे तत्त्व उशिरा उमगले. १९६९ साली अमेरिकेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत ‘रूट’ हा सर्वाधिकारी; त्याच्या एका चुकीने सारे दप्तर पुसले जाई. १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात ‘सुडू’ ही आज्ञा रचली गेली. ती नेमल्या कामापुरताच अधिकार देते, ज्याचा त्यालाच परवलीचा शब्द विचारते आणि कोणी काय केले ते नोंदविते.

देवस्थानच्या कोठाराची किल्ली कामापुरती घ्यावी, लगेच परत करावी. दिवसभर ‘रूट’ होऊन बसणे म्हणूनच आम्हांस अनुचित वाटते.