वाटणी झालेला पडदा

घरातील खेळ हा मुळात एकट्याचा नव्हेच. सोंगट्यांच्या पटाला चार बाजू असतात आणि समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. पट अंथरला की त्याच्याभोवती माणसे गोळा होतात, हा त्याचा खरा गुण. दूरचित्रवाणीच्या पडद्याला मात्र एकच बाजू. त्याच्यापुढे घरातील मंडळी ओळीने बसत आणि मुकाट्याने पाहत. या पाहणाऱ्यांना खेळणारे करावे, ही कल्पना १९६६ साली अमेरिकेतील राल्फ बेअर या अभियंत्याला सुचली.

बेअर हा जर्मनीत जन्मलेला ज्यू. १९३८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, नाझी राजवटीतून निसटून तो कुटुंबासह अमेरिकेत आला होता. त्याच्या खटपटीतून १९७२ मध्ये ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे घरगुती खेळांचे पहिले यंत्र बाजारात आले. त्याला ना आवाज होता, ना गुण मोजण्याची सोय. मैदानाचे चित्र पारदर्शक प्लॅस्टिकवर छापलेले असे व ते पडद्यावर चिकटवावे लागे. चेंडूच्या खेळात यंत्राला स्वतः प्रतिस्पर्धी होता येत नसे. सबब दुसरा माणूस शोधणे भाग पडे. यंत्राची ही उणीवच घरातील दोघांना शेजारी बसविण्यास कारण झाली.

पण शेजारी बसलेले अद्याप विरोधकच होते. सहकार्याचा खेळ १९७८ साली अटारी कंपनीच्या ‘फायर ट्रक’ने दाखविला, तोही घरात नव्हे, तर नाणे टाकून खेळण्याच्या दुकानात. एकाने बसून आगीचा बंब हाकायचा, दुसऱ्याने मागे उभे राहून त्याची लांबलचक पिछाडी वळवायची. एकाचा हात चुकला की दोघांचाही बंब आदळे.

पुढे खेळांची भूमी विस्तारली. एक भिडू डोंगराकडे, दुसरा नदीकडे जाऊ लागला, तेव्हा एक चित्र दोघांना पुरेना. त्यावर उपाय म्हणजे पडद्याची वाटणी. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये पडद्याचे वर-खाली दोन भाग होते, १९९७ च्या ‘गोल्डनआय’मध्ये चौघांसाठी चार चौकोन झाले. २००१ मध्ये आलेल्या ‘हेलो’ची संपूर्ण कथा दोघांना अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर, खांद्याला खांदा लावून पार करता येई.

या वाटणीची किंमत यंत्राला मोजावी लागे. एकाच क्षणी दोन दृष्टिकोनांतून दोन चित्रे रेखाटायची, म्हणजे काम जवळजवळ दुप्पट. चित्रे जसजशी सूक्ष्म होत गेली, तसतसा हा भार जड झाला. त्यातच इंटरनेटमुळे आपापल्या घरी बसून एकत्र खेळता येऊ लागले. २०१५ च्या ‘हेलो ५’मधून वाटणीचा पडदा वगळण्यात आला. खेळाडू नाराज झाले. २०१७ मध्ये तो परत आणण्याचे आश्वासन मिळाले. पण पुढील खेळाच्या कथाभागापुरते ते २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. दूरचा मित्र जवळ आला, परंतु एकाच घरातील भावंडांना दोन यंत्रे व दोन पडदे लागू लागले.

अशा वेळी २०२१ साली स्वीडनमध्ये तयार झालेला ‘इट टेक्स टू’ पुढे आला. त्याचा दिग्दर्शक योसेफ फारेस बैरुतमध्ये जन्मलेला. लेबनॉनमधील यादवी युद्धामुळे बालपणीच त्याचे कुटुंब स्वीडनला आले. हा खेळ एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील आई-बाप त्यात बाहुल्या बनतात. एकाजवळ खिळे, दुसरीजवळ हातोडा. खिळा ठोकल्याशिवाय हातोड्याला लटकण्यास आधार नाही. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ने त्यास वर्षातील सर्वोत्तम खेळ ठरविले.

वाटणी म्हटली की आपल्याकडे घरात भिंत उभी राहते. येथे पडद्याच्या मधोमध एक बारीक रेघ येते, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे डोळे एकमेकांच्या हिश्शाकडे वळत राहतात, भिडू संकटात तर नाही ना, हे पाहण्यासाठी. चित्र अर्धे झाले, तरी सोबत अर्धी होत नाही.