सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट: ऑपरेशनआधी तुमचं नाव पुन्हा पुन्हा का विचारतात?

ऑपरेशनच्या दिवशी नर्स नाव विचारते, भूलतज्ज्ञ विचारतात, मग सर्जनही तेच विचारतात. "फाइलवर लिहिलंय की!" असं म्हणावंसं वाटतं. पण हा प्रश्न एका यादीचा भाग असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ही यादी आणली. एका पानाची, 19 मुद्द्यांची. ती तयार करणाऱ्या टीमचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे. आडनाव ओळखीचं वाटलं ना? त्यांचे वडील मूळचे विदर्भातल्या उटी गावचे.

यादीत काय असतं?

यादी तीन वेळा वाचली जाते. भूल देण्याआधी: रुग्ण कोण, ऑपरेशन कोणतं, शरीराच्या कोणत्या बाजूला, तिथे खूण केली आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता आहे का.

चिरा देण्याआधी सगळे क्षणभर थांबतात. प्रत्येक जण आपलं नाव आणि काम सांगतो. हे जरा शाळेसारखं वाटेल, पण एकदा बोललेला ज्युनिअर पुढे काही चुकतंय असं दिसलं तर पुन्हा बोलायला कचरत नाही, असा त्यामागचा विचार आहे. अँटिबायोटिक गेल्या 60 मिनिटांत दिलं का, हेही इथेच तपासतात.

रुग्णाला ओटीबाहेर नेण्याआधी सुया, अवजारं आणि गॉजचे तुकडे मोजले जातात. तपासणीसाठी काढलेल्या नमुन्यावर रुग्णाचं नाव बरोबर आहे का, हेही पाहतात.

फरक पडतो का?

आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत याची चाचणी झाली. त्यात नवी दिल्लीही होती. जानेवारी 2009 मध्ये निकाल आले: मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं 11 वरून 7 टक्क्यांवर आलं.

आकडे भारी आहेत, पण गोष्ट इथे संपत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात चेकलिस्ट सक्तीची झाल्यावर 101 हॉस्पिटलांची आकडेवारी तपासली गेली. 2014 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण 0.71 वरून 0.65 टक्के झालं होतं, म्हणजे ठोस म्हणावा असा फरक नव्हता. ओंटारिओत मुळात मृत्यू कमी होते, हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण कोणत्याही ऑफिसात दिसतं: फॉर्म आला की टिक मारून मोकळं व्हायचं. यादी मोठ्याने वाचलीच नाही, तर तो फक्त फाइलमधला आणखी एक कागद.

रुग्णाने काय करायचं?

शुद्धीत असाल तर नाव, ऑपरेशन आणि बाजू स्वतःच्या तोंडाने सांगा, नातेवाइकांवर सोडू नका. एखाद्या औषधाने पूर्वी त्रास झाला असेल, तर न विचारताही सांगा. गुडघा, डोळा, हर्निया अशा डाव्या-उजव्याचा प्रश्न असलेल्या ऑपरेशनआधी "खूण कधी करणार?" हे विचारायला लाजू नका.