स्पोर्ट्स कार आणि बदली टायरची निवड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी इंजिन, वेग आणि कारखानदार या तीन विषयांभोवती झालेले दिसते. त्यात टायरला दुय्यम स्थान मिळाले. वस्तुतः मोटारीचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो केवळ चार टायरच्या द्वारे, आणि प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारणपणे तळहाताएवढाच असतो. इंजिनची शक्ती, ब्रेकची ताकद आणि चालकाचे कौशल्य या तिन्ही गोष्टी तेवढ्याशा रबरातूनच रस्त्यावर उतरतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते, कारण तिच्या रचनेत वेग, वळण आणि ब्रेक यांच्या मर्यादा मुद्दाम वाढविलेल्या असतात.

मोटारीचा पहिला टायर-संच तिचे अभियंते प्रदीर्घ चाचण्यांनंतर ठरवितात. तो झिजल्यावर दुसरा संच मात्र मालक निवडतो. ही निवड कोणत्या आधारावर करावी, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. टायरच्या बाजूवर छापलेली अक्षरे व आकडे ही या प्रश्नाच्या इतिहासाची साधने म्हणून वाचता येतात, आणि त्यांतील अनेक खुणांमागे एखादी तांत्रिक अडचण किंवा दुर्घटना आढळते, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

हवेच्या टायरचा उदय

हवेच्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये घेतले. त्या काळी मोटार नव्हती, सायकलही रूढ नव्हती. त्यामुळे हा शोध विस्मरणात गेला. पुढे बेलफास्ट येथे पशुवैद्यकाचा व्यवसाय करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी असाच टायर बनविला आणि १८८८ मध्ये पेटंट मिळविले. थॉमसन यांचे काम आधीचे असल्याचे उघड झाल्यावर हे पेटंट टिकले नाही. परंतु टायरचा धंदा मात्र उभा राहिला.

मोटारीला हवेचा टायर लावण्याचे धाडस आंद्रे व एदुआर मिशेलिन या फ्रेंच बंधूंनी केले. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत सुमारे १२०० किलोमीटर अंतरात त्यांचे टायर अनेकदा फुटले. शर्यत त्यांना जिंकता आली नाही. तथापि हवेच्या टायरवर मोटार एवढे अंतर तोडू शकते, हे सिद्ध झाले. येथूनच शर्यतीचा रस्ता ही टायरची प्रयोगशाळा बनली. शर्यतीतील टायर आणि रोजच्या रस्त्यावरील टायर यांच्या गरजा भिन्न असतात, ही जाणीव मात्र सावकाश रुजली.

रेडियल रचनेचे परिवर्तन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टायरच्या आतील धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेद देत असत. आपल्याकडील बाजारात ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हटले जाते तो याच प्रकारचा. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये निराळ्या रचनेचे पेटंट घेतले. तीत धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काटकोनात जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी पट्टा असतो. हा ‘एक्स’ टायर १९४९ मध्ये बाजारात आला. या रेडियल रचनेमुळे टायरची बाजू लवचीक राहते आणि रस्त्याला टेकणारा भाग मात्र ताठ राहतो. परिणामी पकड वाढते, उष्णता कमी होते आणि आयुष्यही वाढते. इटलीच्या पिरेली कंपनीने ‘चिंतुरातो’ या नावाने आपला रेडियल टायर विकसित केला. १९६६ पासून तयार झालेल्या लॅम्बोर्गिनी मिउरावर याच घराण्यातील टायर बसविले गेले.

या स्थित्यंतराच्या काळात बदली टायरचा प्रश्न प्रथमच गंभीर झाला. १९६१ मध्ये आलेल्या जग्वार ई-टाइप या प्रसिद्ध स्पोर्ट्स कारला आरंभी तिरप्या धाग्यांचे डनलॉप टायर होते. पुढील काही वर्षांत तिला रेडियल टायर मिळाले. जुन्या मोटारीच्या मालकाला नवे टायर घेणे साहजिकच आकर्षक वाटे. पण पुढे रेडियल आणि मागे तिरप्या धाग्यांचे टायर लावल्यास वळणावर मागच्या चाकांची पकड आधी सुटते आणि मोटार गिरकी घेते. म्हणजेच चांगल्या टायरची जोडी चुकीच्या ठिकाणी बसविल्यास मोटार पूर्वीपेक्षा धोकादायक होते. टायर स्वतंत्रपणे चांगला वा वाईट नसतो, तो संचाचा घटक असतो, हा बदली टायरच्या इतिहासातील पहिला धडा होय.

रुंद व बुटक्या टायरचे युग

१९७० च्या दशकात रॅलीच्या शर्यतीत उतरणाऱ्या लॅन्सिया स्ट्रॅटोससाठी पिरेलीने ‘पी सेव्हन’ हा टायर घडविला. त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या निम्मीच होती. बाजू बुटकी असल्याने वळणावर टायर कमी वाकतो आणि स्टीअरिंगला तत्काळ प्रतिसाद देतो. लवकरच हा टायर पोर्शे ९११ टर्बोवर आला. १९७८ च्या लॅम्बोर्गिनी काउंटाश एलपी ४०० एस या मोटारीच्या मागील टायरची रुंदी तर ३४५ मिलिमीटर होती. या मोटारींच्या छायाचित्रांनी एका पिढीची सौंदर्यदृष्टी घडविली आणि ‘रुंद टायर म्हणजे उत्तम टायर’ हा समज रूढ झाला.

हा समज अर्धाच खरा आहे. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर उपयोगी पडतो. साचलेल्या पाण्यावर मात्र तो तुलनेने लवकर तरंगतो. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून या तरंगण्याचे सूत्र मिळाले. टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाला १०.३५ ने गुणल्यास, गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. चौरस इंचास ३२ पौंड हवा असेल तर हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा २४ पौंडांवर उतरल्यास तो ८२ किलोमीटरपर्यंत खाली येतो. नक्षीच्या खोलीमुळे ही मर्यादा वाढते. नक्षी झिजत गेली की टायर पुन्हा या सूत्राच्या जवळ येतो. १९८४ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटसाठी गुडइयर कंपनीने फॉर्म्युला वनच्या पावसाळी टायरवरून घेतलेली एकाच दिशेची नक्षी वापरली, ती पाणी बाहेर टाकण्यासाठीच. अशा टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असतो आणि तो उलटा बसविल्यास नक्षीचा हेतूच निष्फळ होतो.

टायरच्या बाजूवरील लिपी

‘२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू’ ही खूण उदाहरणादाखल घेता येईल. येथे २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ४५ ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास होय. या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर येतो. ‘२०५/५५ आर १६’ या टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर आहे. रिम एका इंचाने मोठी होऊनही चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे वेगदर्शकाचे आकडे बिघडत नाहीत. मोठी रिम व बुटका टायर बसविण्याची प्रथा या साध्या गणितावर उभी आहे. हे गणित न करता केलेला बदल वेगदर्शक आणि ब्रेकच्या नियंत्रण-यंत्रणेचा हिशेब चुकवितो.

९४ हा भारांक प्रत्येक टायरने ६७० किलोग्रॅम वजन पेलावे असे सांगतो. शेवटचे अक्षर कमाल वेग दर्शविते. एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, यू २००, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किलोमीटर. या क्रमात ‘एच’ हे अक्षर ‘यू’ आणि ‘व्ही’ यांच्या मध्ये येते. युरोपात आरंभी एस, एच आणि व्ही असे तीनच वर्ग होते. पुढे वर्ग वाढले, मात्र ‘एच’ आपल्या जुन्या जागीच राहिला. वर्णमालेतील हा विस्कळीतपणा म्हणजे जुन्या व्यवस्थेचा उरलेला अवशेष होय.

अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याच्या आधारे टायरची झीज, ओल्या रस्त्यावरील पकड आणि उष्णता सहन करण्याची क्षमता यांची प्रतवारी सुरू झाली. झिजेचा अंक १०० या तुलना-टायरच्या संदर्भात असतो. ३०० अंकाचा टायर त्याच्या तिप्पट टिकावा अशी अपेक्षा असते. पकडीची प्रत मात्र ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरविली जाते. १ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या युरोपीय संघाच्या टायर-लेबलावरही ओल्या रस्त्यावरील पकड ब्रेकच्या चाचणीवरूनच मोजली जाते. वळणावरील पकड यांपैकी कोणतीच प्रत सांगत नाही, आणि स्पोर्ट्स कारच्या मालकाला नेमकी तीच जाणून घ्यायची असते.

या उणिवेवर मोटार-कारखानदारांनी आपल्या परीने उपाय काढला. आपल्या मोटारीवर तपासून मान्य केलेल्या टायरवर ते स्वतंत्र खूण छापून घेतात. पोर्शेची ‘एन ०’, ‘एन १’ अशी मालिका, बीएमडब्ल्यूचा तारा आणि मर्सिडीझचे ‘एमओ’ ही त्याची उदाहरणे होत. एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या दोन टायरची अंतर्गत रचना या खुणेनुसार वेगळी असू शकते.

दुर्घटनांनी शिकविलेले

निवडीच्या या नियमांमागे मोठी किंमत मोजली गेली आहे. १९७८ मध्ये फायरस्टोन कंपनीला ‘५००’ मालिकेचे सुमारे १ कोटी ४५ लाख रेडियल टायर परत घ्यावे लागले. ऑगस्ट २००० मध्ये पुन्हा याच नावाचे सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. हे टायर मुख्यतः फोर्ड एक्सप्लोरर मोटारींवर होते आणि २७१ मृत्यूंचा संबंध त्यांच्याशी जोडला गेला. त्या मोटारीसाठी चौरस इंचास २६ पौंड हवेची शिफारस होती. ती कमी होती की टायरच सदोष होता, यावर दोन्ही कंपन्यांत तीव्र वाद झाला. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला आणि पुढे नव्या मोटारींत हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

१९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस येथील फॉर्म्युला वन शर्यतीत मिशेलिन टायरवरील १४ मोटारींनी प्रत्यक्ष शर्यत सुरू होण्यापूर्वीच माघार घेतली आणि केवळ सहा मोटारी धावल्या. उतरत्या कडेच्या, अतिवेगाच्या एका वळणावर येणारा ताण ते टायर सुरक्षितपणे सोसतील याची हमी खुद्द मिशेलिन देऊ शकली नव्हती. इतरत्र उत्कृष्ट ठरलेला टायर एका विशिष्ट रस्त्यावर अयोग्य ठरू शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटी मोटारीच्या अपघातात अभिनेते पॉल वॉकर आणि चालक असे दोघे मृत्युमुखी पडले. अतिवेग हे अपघाताचे मुख्य कारण तपासात नोंदविले गेले. मात्र मोटारीचे टायर नऊ वर्षांचे होते, ही बाबही त्यात नमूद झाली. स्पोर्ट्स कार अनेकदा कमी चालविली जाते. नक्षी शाबूत दिसते, पण रबर कालांतराने कडक होते. म्हणूनच २००० पासून टायरवर छापले जाणारे चार आकडे महत्त्वाचे ठरतात. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘३५०४’ म्हणजे २००४ सालचा पस्तिसावा आठवडा.

भारतीय संदर्भ

भारतात डनलॉपचा साहागंज येथील कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला. सिएट ही मूळ इटालियन कंपनी १९५८ मध्ये मुंबईत आली, तर मद्रासच्या एमआरएफने १९६१ पासून टायर-निर्मितीत पदार्पण केले. वाहनांच्या टायरसाठी भारतीय मानक २००९ च्या आदेशाने सक्तीचे करण्यात आले. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले. देशात न बनणाऱ्या आकारांच्या टायरवर धावणाऱ्या मोटारींना याची झळ बसणे स्वाभाविक होते. ‘मिळेल तो जवळचा आकार’ ही तडजोड अशाच परिस्थितीत संभवते, आणि भारांक वा वेगाचे अक्षर खाली उतरते ते येथेच.

महाराष्ट्रात चार महिने पाऊस, उन्हाळ्यात तापलेला काँक्रीटचा द्रुतगती मार्ग आणि शहरांत खड्डे अशी तिहेरी कसोटी असते. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाला वाहनांच्या टायरची तपासणी हाती घ्यावी लागली. मोटारीसाठी कायद्याने ठरविलेली नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. पावसाळ्यातील वेगवान मोटारीसाठी ती सुरक्षिततेची नव्हे, केवळ कायदेशीरपणाची सीमा मानावी लागेल.

निष्कर्ष

या आढाव्यावरून बदली टायर निवडण्याचा एक क्रम हाती येतो. प्रथम मोटारीच्या दारावरील पट्टीवर नोंदविलेला आकार, भारांक आणि वेगाचे अक्षर; त्यानंतर चारही चाकांच्या रचनेतील सुसंगती आणि कारखानदाराची खूण; मग ऋतू व रस्ता; पुढे निर्मितीची तारीख; आणि सर्वांत शेवटी नाव, रूप व किंमत. बाजारात मात्र हा क्रम बहुधा उलटा असतो.

पकड, टिकाऊपणा आणि आराम यांपैकी एक वाढविताना दुसरे काही प्रमाणात सोडावे लागते. १९९२ पासून मिशेलिनने सिलिकायुक्त रबर आणून ओल्या रस्त्यावरील पकड आणि इंधनबचत यांतील विरोध कमी केला. तरी तडजोड संपली नाही. कोणती गोष्ट सोडावयाची हे ठरविण्याची जबाबदारी आजही मालकावर आहे. त्याच्या मदतीला शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव टायरच्या बाजूवर छापलेला आहे. तो वाचण्याची सवय लावणे हे मोटार-शिक्षणाचे आणि पर्यायाने नागरी शिक्षणाचे अंग मानले गेले पाहिजे.