बेडकाची कातडी आणि जलसंजीवनी

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. आजचा विषय आहे बेडकाची कातडी. हसू नका. या कातडीच्या गोष्टीत वीज आहे, कॉलरा आहे, आणि शेवटी एक असा प्रयोग आहे की तो वाचल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने. बेडूक पाणी कसा पितो? एवढं मोठं तोंड आहे, म्हणजे तोंडानेच पीत असणार. पण नाही. बेडूक पाण्यात किंवा ओल्या मातीवर नुसता बसतो आणि पोटाच्या, मांड्यांच्या खालची कातडी पाणी शोषून घेते.

हे नीट दाखवलं रॉबर्ट टाउनसन या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने, १७९० च्या दशकात. तेव्हा तो जर्मनीत ग्यॉटिंगेनला होता. त्याने बेडूक पाळले होते आणि त्यातल्या दोघांना चक्क नावं दिली होती, डेमन आणि म्युझिडोरा. पद्धत अगदी साधी होती. बेडकाचं वजन करायचं, त्याला ओल्या कागदावर बसवायचं, मग पुन्हा वजन करायचं. तोंडात थेंबही न जाता वजन वाढलेलं असायचं.

आता ही कातडी आहे तरी कशी? आपल्या त्वचेवर मेलेल्या पेशींचा जाड थर असतो, तो पाणी अडवतो. बेडकाचा हा थर अगदी पातळ असतो, जेमतेम एकदोन पेशींचा. तो अधूनमधून कात टाकतो आणि बहुतेक वेळा ती खाऊनही टाकतो, काही वाया घालवत नाही. कातडीत दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. श्लेष्म ग्रंथी अंग ओलं आणि बुळबुळीत ठेवतात, तर विषग्रंथी शत्रूला दूर ठेवतात. पावसाळ्यात अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसणारा तो खरखरीत गडी, म्हणजे भेक, इंग्रजीतला टोड, त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगवटे दिसतात ना? त्या मोठ्या विषग्रंथीच. आणि हो, त्याला हात लावल्याने चामखीळ येत नाही. माणसाची चामखीळ विषाणूमुळे होते, भेकाच्या अंगावरचे ते गाठीगाठींचे उंचवटे त्याची स्वतःची कातडी असते.

आणखी एक गोष्ट. बेडकाची कातडी अंगाला घट्ट चिकटलेली नसते. तिच्याखाली लसीकेने भरलेल्या पोकळ्या असतात, म्हणून ती सदरा काढावा तशी सुटून येते. ज्यांनी कॉलेजात डिसेक्शन केलंय त्यांना हे आठवत असेल. या सैल कातडीमुळेच बेडूक प्रयोगशाळेत इतका सोयीचा ठरला, आणि त्याची किंमत त्यानेच मोजली.

१८४८ च्या सुमारास बर्लिनच्या एमिल द्यू ब्वा-रेमों याला दिसलं की बेडकाच्या कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूमध्ये विजेचा दाब असतो. कातडी म्हणजे जणू छोटी बॅटरी. पण ही बॅटरी चालते कशावर, हे पुढची शंभर वर्षं कोडंच राहिलं.

ते सुटलं कोपनहेगनमध्ये. तिथल्या ऑगस्ट क्रोग यांनी १९०४ मध्ये दाखवलं होतं की बेडूक ऑक्सिजन मुख्यतः फुप्फुसांनी घेतो, पण कार्बन डायऑक्साइड बराचसा कातडीतून सोडतो. पुढे १९३० च्या दशकात त्यांना दिसलं की बेडूक गोड्या पाण्यातून, जिथे मीठ जवळपास नसतंच, तिथूनही कातडीने क्षार खेचून घेतो. विचार करा, चोवीस तास गोड्या पाण्यात बसायचं म्हणजे अंगातलं मीठ सतत बाहेर झिरपणार. ते परत मिळवलं नाही तर खेळ खल्लास.

क्रोग यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेले हान्स उसिंग पुढे सरसावले. त्यांनी बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन कप्प्यांच्या मधे पडद्यासारखा लावला. दोन्हीकडे एकसारखं मिठाचं पाणी. मग उलट दिशेने वीज देऊन कातडीचा विजेचा दाब शून्यावर आणला. आता सोडियमने कुठे जावं असं काही कारणच उरलं नव्हतं. तरीही किरणोत्सारी सोडियमचा माग काढला तर तो बाहेरून आत जातच होता, आणि जेवढी वीज वाहत होती तेवढाच. १९५१ मध्ये कार्ल झेरान यांच्यासोबत त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्थ असा की कातडी स्वतःची ऊर्जा खर्च करून सोडियम आत ओढते. ती चोवीस तास चालणारा पंप आहे.

त्या उपकरणाला आजही ‘उसिंग चेंबर’ म्हणतात. पुढे संशोधकांनी त्यात बेडकाच्या कातडीच्या जागी आतड्याचे तुकडे लावले. आतड्यात साखर आणि सोडियम एकाच दारातून, हातात हात घालून आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली होती. अशा उपकरणांवर तिला आधार मिळाला. कॉलऱ्यात शरीरातून पाणी आणि मीठ भराभर निघून जातं, पण हे दार उघडंच राहतं. म्हणून मीठ, साखर आणि पाणी एकत्र प्यायला दिलं की रोगी सावरतो. आपली जलसंजीवनी ती हीच.

१९६८ मध्ये ढाक्यात तिची चाचणी झाली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनाबिस यांच्याकडची सलाइन संपत आली. त्यांनी हे द्रावण ड्रम भरभरून लोकांना प्यायला दिलं. रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. बेडूक ते जलसंजीवनी अशी एकच सरळ रेषा आहे असं मी म्हणणार नाही, बरेच हात लागले. पण कातडीच्या त्या तुकड्याचा त्यात वाटा आहे.

आता बेडकाकडे परत येऊ. १९९९ मध्ये बेडकांच्या कातडीवर जगणाऱ्या एका बुरशीची शास्त्रीय नोंद झाली, तिचा आजार म्हणजे कायट्रिड. प्राण्यांच्या व्यापारातून ती जगभर पसरली. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्या. पण नुसत्या कातडीच्या बुरशीने बेडूक मरतो कसा?

२००९ मध्ये जेमी व्हॉइल्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवर याचा शोध घेतला. उपकरण कुठलं? तेच, उसिंग चेंबर. आजारी कातडीचा पंप निम्म्याहून जास्त बंद पडला होता. रक्तातलं सोडियम सुमारे २० टक्के आणि पोटॅशियम ५० टक्के घसरलं होतं. शेवटी हृदय थांबायचं.

मग त्यांनी आजारी बेडकांना तोंडाने क्षारांचं द्रावण पाजलं. हो, बेडकांना जलसंजीवनी! मी गप्प बसलो तो इथेच. मलूल पडलेले बेडूक नीट बसू लागले, दोघांनी तर पकडायला गेल्यावर उडी मारली. पण बुरशी अंगावर होतीच. ते वाचले नाहीत, सरासरी वीसेक तास जास्त जगले.

बेडकाच्या कातडीतून आपण जे शिकलो त्याने लाखो माणसं वाचली. बेडकाला तेच औषध पुरत नाही, कारण त्याचा पंपच अंगाबाहेर उघड्यावर आहे. आपलं आतडं निदान पोटात लपलेलं असतं.

हे आपल्यापासून लांबही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर ही बुरशी सापडली होती. आणि याच घाटात आंबोलीचा भेक राहतो, जो आंबोली परिसर सोडून जगात दुसरीकडे कुठे माहीत नाही. पावसाळ्यात तुमच्यापैकी बरेच जण तिकडे ट्रेकला जाणार, रात्री बेडकांचे फोटो काढणार. जरूर काढा. फक्त रीलसाठी त्याला हातावर घेऊ नका. हाताला सनस्क्रीन असतं, डासांचं मलम असतं, सॅनिटायझर असतं, आणि ते सगळं त्या कातडीतून आत जाऊ शकतं. एका डबक्यातून दुसरीकडे जाण्याआधी बुटांचा चिखल धुवा आणि बूट खडखडीत वाळवा. सुकं वातावरण या बुरशीला मानवत नाही.

पुढच्या भागात बेडकाच्या आवाजाबद्दल बोलू. तोपर्यंत तुमच्या गावाकडे भेकाला काय म्हणतात ते मला नक्की कळवा.