बोहाड्याचे मुखवटे

बोहाड्याचे मुखवटे संग्रहालयाच्या कपाटात पाहून 'रंग फार भडक' असा अभिप्राय नागर रसिक सहज देऊन जातात. मला तो न्याय्य वाटत नाही. जव्हार-मोखाड्याकडील हा सोंगांचा उत्सव मुळी रात्रीचा. संबळाच्या तालावर, पूर्वी केवळ मशालींच्या उजेडात, गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण अशी एकेक सोंगे नाचत पुढे येत. हलत्या ज्योतीत व धुरात नाजूक छटा टिकणार कशा? म्हणूनच कारागीर आधी आकार ठळक घडवी: वटारलेले डोळे, चढलेल्या भुवया, बाहेर आलेले दात, आणि मग रंगाने त्याच उठावास जोर देई. डोळ्याभोवती एक जाड काळी रेघ फिरली की दूर बसलेल्या म्हातारीसही राक्षस ओळखू यावा! जुने मुखवटे लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे आले व नाचणाऱ्याच्या मानेवरील भार हलका झाला. मुकण्यांचे जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले, २०१४ साली पालघर हा निराळा जिल्हा झाला; सोंगे मात्र नाचतच राहिली. आता विजेच्या स्थिर दिव्याखाली तेच रंग किंचित कर्कश दिसतात खरे. पण तो दिवा कारागिराच्या हिशेबात नव्हता.